लाभ, दोन, तीन

३ नोव्हेंबर, सोमवार

महिनाभर मी नुसती जुनी ड्रॉइंग्ज चाळत होते. आज पहिल्यांदा माझं असं काम मिळालं, म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं आहे. जे घडलं ते लिहायचं, सजवायचं नाही.

कंपनी लहान आहे. जर्मनीतल्या नेकारसुल्मपासून बसनं थोडं पुढे, द्राक्षांच्या मळ्यांच्या पायथ्याशी. नेमबाजीचा खेळ खेळणारे लोक एकदा वापरलेली पितळी काडतुसं टाकून देत नाहीत, घरी पुन्हा भरतात. त्यासाठी लागणारा टरेट प्रेस आम्ही बनवतो. टेबलाला घट्ट बसवलेलं ओतीव लोखंडाचं यंत्र, बाजूला एक दांडा, वर फिरणारं गोल डोकं. डोक्यात निरनिराळ्या कामांच्या जागा असतात. दांडा ओढला की एक काम होतं, डोकं फिरवलं की पुढच्या कामाची जागा काडतुसावर येते. त्यातल्या एका जागेवर पावडर पडावी लागते, आणि दर वेळी तेवढीच पडावी लागते. कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, जास्त पडली तर बंदूक हातात फुटू शकते.

पावडर मोजायचं माप वेगळं येतं. पितळी, उभं, बाजूला छोटा खटका. खटका वर-खाली केला की ठरलेली पावडर खाली पडते. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे तीस-चाळीस वर्षांपूर्वीची मापं आहेत, निरनिराळ्या कंपन्यांची, निरनिराळ्या आट्यांची. ती सगळी आमच्या प्रेसच्या डोक्यावर बसतील असा एक जोड मी करायचा आहे.

मालकीण फ्राऊ क्युब्लर म्हणाल्या, "मार्चच्या प्रदर्शनात हा जोड टेबलावर नसेल तर प्रकल्प बंद. आणि तुमची प्रोबेत्साइट, उमेदवारीची मुदत, तीही मार्चअखेर संपते."

धमकी नव्हती. त्यांनी दोन तारखा सांगितल्या, त्या एकच निघाल्या. उमेदवारीत कायम झाले नाही तर इथे राहण्याचं कार्डही पुढे अडेल, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

५ नोव्हेंबर

अश्लेषाला सांगितलं. ती माझ्याच फ्लॅटमध्ये राहते, मोटारीच्या कारखान्यात आहे.

"एवढं शिकून गोळ्या भरायची मापं?" ती म्हणाली. "आमच्याकडे अर्ज कर की. निदान सीटबेल्ट तरी बनवशील."

मी मुलाखतीतच विचारलं होतं, हे विकत कोण घेतं. त्यांनी मला गावातल्या शुत्सनफराइनमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या क्लबात पाठवलं. तिथे स्वेटर घातलेली वयस्क माणसं कागदावरच्या वर्तुळांवर नेम धरत होती आणि मधेच थांबून केक खात होती. मला ते चूक वाटलं नाही. तरी घरी मी 'मापाचं काम आहे' एवढंच सांगितलं होतं. धाकट्या भावानं, रुपेशनं, आज कंपनीची वेबसाइट पाहिली आणि कुरुंदवाडहून फोन केला.

"अप्पा, ऐकलं का, ताई जर्मनीत दारूची मापं भरती."

"उडवायची दारू रे, गाढवा," मी म्हणाले. मागे आमच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा वाजत होता, अप्पांना काहीच ऐकू गेलं नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे माझ्या कामावर तिथे कुणी शंका घेत नाही. शंका मलाच घ्यावी लागते.

१८ नोव्हेंबर

पहिला जोड तयार झाला. पण खऱ्या पावडरला हात लावायला सरकारी परवाना लागतो, माझ्याकडे तो नाही. कंपनीत सध्या तो एकाच माणसाकडे आहे, म्हातारे हेर क्युब्लर. फ्राऊ क्युब्लरांचे वडील. हा प्रेस त्यांनीच काढला. आता निवृत्त आहेत, पण मागच्या दगडी खोलीत त्यांचं टेबल आहे आणि पावडरच्या चाचण्या तेच करतात. परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो, त्यांचा येत्या एप्रिलमध्ये करायचा आहे.

मग मी पावडरऐवजी हाइलब्रॉनच्या तुर्की दुकानातून रवा आणला. जाड आणि बारीक दोन्ही. माप भरलं, प्रेसवर बसवलं आणि दांडा ओढायला लागले. वजनं जवळजवळ सारखी आली. खूप आनंद झाला.

हेर क्युब्लर दारात कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही.

"आल्झो, आज ग्रीसब्राय आहे का? दूध आणू?"

ग्रीसब्राय म्हणजे इथली रव्याची खीर. मी रव्याचं कारण सांगितलं. त्यांनी एक कण जिभेवर ठेवला आणि गंभीरपणे मान हलवली.

"आणि तुम्ही मोजता काय? त्स्वाय, द्राय नाही. पहिला शब्द कुठला तो?"

त्यांच्या त्स्वाय, द्रायच्या जागी मी मोठ्यानं मराठीत दोन, तीन म्हणते आहे, हे मला कळलंच नव्हतं. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. एकावर थांबू नये, म्हणून. पहिलं माप परतही ओतत नाहीत.

"इथे पहिली काही मापं परतच ओततात," ते म्हणाले. "पावडर मापाच्या नळीत बसेपर्यंत ती खोटीच असतात."

ते मला पटलं. त्यांना 'लाभ' पटलं की नाही ते कळलं नाही. "लाब," ते दोनदा म्हणाले आणि गेले.

२ डिसेंबर

आज हेर क्युब्लरांनी माझ्या जोडावर खऱ्या पावडरची चाचणी घेतली. मी काचेच्या अलीकडे बसून वजनं लिहीत होते.

त्यांची वागणूक फार अदबीची आहे. जोड प्रेसवर चढवायची वेळ आली तेव्हा ते मागे सरले. "तुम्ही केलात, तुम्हीच बसवा, फ्राऊ शाउगुले." चौगुले त्यांना जमत नाही. बारीक स्क्रूही त्यांनी माझ्याकडे सरकवले, तरुण डोळे म्हणून. कॉफी ते अर्धाच कप घेतात आणि कप दोन्ही हातांत धरतात, देवळातल्या तीर्थासारखा. कॉफीसुद्धा इतकी मनापासून पिणारा माणूस मी पाहिला नव्हता.

मी विचारलं, या प्रेसला आपोआप फिरणारं डोकं का नाही? बाकी कंपन्या देतात.

"मुद्दाम नाही दिलं," ते म्हणाले. "इथे भरणाऱ्याला आपल्या हाताची चूक दिसली पाहिजे. चूक लपवणारं यंत्र मला करायचं नव्हतं."

हे वाक्य मी टेबलापाशी लावणार आहे.

निकाल मात्र वाईट. माझी रव्याची वजनं एका रेषेत होती, त्यांची पावडरची वजनं सगळीकडे पसरली. मी म्हणाले, जोडात काहीतरी चुकलं असणार.

"शक्य आहे," ते म्हणाले.

१९ डिसेंबर

कारण सापडलं असं वाटतं आहे. गिरणीत लहानपणी बघितलेली गोष्ट. पिठाचा डबा भरताना आपटला की पीठ खाली बसतं आणि त्याच डब्यात जास्त मावतं. अप्पा गिऱ्हाइकाचा डबा कधी आपटू देत नसत. प्रेसचं डोकं जागेवर येताना खट् असा आवाज होतो. तो धक्का वरच्या मापाला बसत असणार, म्हणजे दर फिरण्याला माझा डबा आपटला जातो. रवा जड, त्याला फरक पडत नाही. पावडर हलकी, तिला पडतो.

म्हणून दुसरा जोड जाड भिंतीचा केला. हेर क्युब्लरांनी पुन्हा चाचणी घेतली. फरक नाही. उलट थोडं जास्तच पसरलं.

संध्याकाळी फ्राऊ क्युब्लर माझ्या टेबलाशी आल्या. निकालाचे आलेख बराच वेळ पाहिले. मला वाटलं, ओरडतील.

"प्रत्येक चाचणीवर घेणाऱ्याचं नावही लिहीत जा," त्या म्हणाल्या. "तुमची तुमच्या नावानं, बाबांची त्यांच्या."

"हो, पण चूक जोडाची आहे."

"तुम्ही लिहीत जा."

हे बरोबरच आहे. कॉलेजमध्येही आम्हाला हेच शिकवलं होतं.

८ जानेवारी

तिसरा जोड. धक्का खायला मधे रबराचं कडं. रव्यावर उत्तम, पावडरवर तेच. हेर क्युब्लर आज उजवा हात कोटाच्या खिशात ठेवून बसले होते आणि माप डाव्या हातानं भरत होते. खोलीत थंडी होती. मी हीटर त्यांच्या बाजूला सरकवला.

"तुम्ही चांगल्या घरच्या आहात," ते म्हणाले.

"आमची पिठाची गिरणी आहे."

"गेनाऊ. तेच म्हणतो."

घरी आल्यावर अश्लेषा म्हणाली, "तू रोज जोड बदलतेस. बाकी काहीच बदलून बघत नाहीस."

"काय बदलू?"

"मला काय माहीत? मी सीटबेल्टवाली."

तिला गंमत वाटते. मला झोप लागत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अश्लेषाचं बोलणं डोक्यात राहिलं होतं. आज लक्षात आलं की मी दोन गोष्टी एकदम बदलत होते. रवा ओढते मी, पावडर ओढतात ते. रवा आणि पावडर वेगळी, तसे ओढणारेही वेगळे. इतकी साधी गोष्ट मला हिवाळाभर दिसली नाही, याची लाज वाटते.

मी हेर क्युब्लरांना विचारलं, तुम्ही रवा ओढून बघाल का?

खिडकीबाहेर कुणीतरी मळ्यात वेली छाटत होतं, ते बघत राहिले. मग म्हणाले, "हो, अर्थात. हे तुम्ही आधीच विचारायला हवं होतं."

"मला सुचलं नाही."

"मला सुचलं होतं," ते म्हणाले.

त्यांनी रवा ओढला. वजनं पावडरसारखीच पसरली. मग मी त्याच मापावर, त्याच जोडावर रवा ओढला. सरळ रेष.

म्हणजे जोड ठीक आहे! पहिल्यापासून ठीक होता. फरक आहे तो फक्त दांडा आणि खटका चालवायच्या पद्धतीत. इतका हलका वाटण्याचा दिवस मला इथे आल्यापासून आठवत नाही. मी त्यांना तसं म्हणालेसुद्धा.

"तुमचा आनंद बघून बरं वाटलं," ते म्हणाले. खरंच म्हणाले असावेत.

१७ फेब्रुवारी

पद्धतीचा फरक असेल तर पद्धत शिकवता येते. मी एक पानाचं सूचनापत्र केलं, चित्रांसकट. खटका सावकाश, एकाच वेगानं, वर टेकेपर्यंत, तिथे क्षणभर थांबून, मग खाली. गिऱ्हाइकांनाही उपयोगी पडेल.

ज्यांनी प्रेस काढला त्यांनाच ते द्यायला संकोच वाटला. पण सत्याला वय नसतं असं मला वाटतं, आणि त्यांनाही तेच आवडेल अशी खात्री होती.

त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. "क्षणभर थांबून," त्यांनी परत वाचलं. "चांगलं लिहिलंय."

मग त्याप्रमाणे करून पाहिलं. जिथे थांबायचं होतं तिथे खटका वरच्या टोकावर टिकटिक वाजत राहिला, आणि जास्त पावडर पडली. सगळ्या हिवाळ्यातलं सर्वांत जड माप ते होतं. त्यांनी ते स्वतःच बाजूला काढलं, डबीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "आज एवढं पुरे."

सूचनापत्रात कुठेतरी माझी चूक असणार. 'थांबणे' काढून टाकायला हवं.

३ मार्च, मंगळवार

अहवाल लिहून झाला. निष्कर्ष: जोड निर्दोष, फरक चालवणाऱ्यानुसार पडतो. खाली दोन आलेख. डावीकडे दे. चौगुले, उजवीकडे हे. क्युब्लर.

द्यायच्या आधी फ्राऊ क्युब्लरांना विचारलं, नावांऐवजी 'पहिली व्यक्ती', 'दुसरी व्यक्ती' लिहू का? त्यांच्या वडिलांना बरं वाटणार नाही कदाचित.

"तुम्ही पाहिलंत ते तसंच लिहा," त्या म्हणाल्या. "इथे सगळे त्यांना लहानपणापासून ओळखतात. कुणीच लिहिणार नाही. मीसुद्धा."

मला हे कौतुक वाटलं. बाहेरून आलेल्या माणसावर एवढा विश्वास टाकणं सोपं नसतं.

मी बस थांब्यावर गेले तेव्हा त्यांची गाडी आवारातच उभी होती, दिवे लागलेले. त्या आत बसल्या होत्या. बस आली तरी बसलेल्याच होत्या. फोनवर असाव्यात.

१२ मार्च, गुरुवार

आज बैठक झाली. मी, फ्राऊ क्युब्लर आणि हेर क्युब्लर. मी अहवाल वाचून दाखवला.

हेर क्युब्लरांनी तो हातात मागितला. मी बोलत होते, आणि कागद वाजत होता. बारीक, सलग. मला वाटलं खिडकी उघडी आहे. मी उठून बघायला गेले. खिडकी बंद होती.

परत वळले तेव्हा दिसलं. ते कागद उजव्या हातात धरून बसले होते, आणि डावा हात या वेळी त्यांनी उजव्यावर ठेवला नव्हता. टेबलावर होता, दूर. पूर्ण हिवाळ्यात मी त्यांचा उजवा हात एकटा असा कधी पाहिलाच नव्हता.

"जोड चांगला आहे," ते म्हणाले. "प्रदर्शनात न्या. आणि अनेटं," ते मुलीकडे वळले, "परवान्याचा एप्रिलचा अर्ज पाठवू नकोस."

"बाबा, डॉक्टर म्हणाले होते की गोळ्या बदलून..."

"दोन वर्षं बदलतोच आहेत."

मग ते माझ्याकडे बघून हसले. "फ्राऊ शाउगुले, बसा. तुम्ही उभ्या का?"

मी बसले. अहवालाचं शेवटचं पान मी वाचलंच नाही. त्यावर माझ्या सूचनापत्राची सुधारित प्रत जोडलेली होती.

१३ मार्च

सकाळी दगडी खोलीत गेले. ते डबे मोजून खोक्यात ठेवत होते. परवाना असलेला दुकानदार दुपारी येऊन पावडर घेऊन जाणार होता. मी मदत करू लागले तर म्हणाले, "याला तुम्ही हात लावायचा नाही. नियम."

म्हणून मी उभी राहून बोलले. मी रात्रीत एक विचार केला होता. खटक्याला जड चाक लावायचं, आत तेल. हात कसाही हलला तरी माप सारखंच पडेल. मी स्केच दाखवलं. अहवालातलं नावही काढता येईल, अजून कुठे पाठवलेला नाही.

त्यांनी स्केच नीट पाहिलं.

"चालेल हे," ते म्हणाले. "माप बरोबर पडेल. मग मी पुढची डबी चुकीची उचलेन. किंवा एका काडतुसात दोनदा ओतेन. ते कुठल्या चाकानं थांबवणार?"

मी स्केच परत घ्यायला हात पुढे केला.

"मी प्रेस असाच केला होता ना, की हाताची चूक दिसावी? दिसली. आता मी त्याच्यावर रागावू?" त्यांनी स्केच घडी करून माझ्याकडे दिलं. "नाव राहू द्या. ओढलं मीच होतं."

"तुम्हाला माहीत होतं. तुम्ही का सांगितलं नाही? मी तीन जोड केले."

"तिसरा जोड सर्वांत चांगला आहे," ते म्हणाले. "आणि मला एक हिवाळा मिळाला. हो, ते बरोबर नव्हतं. पण मिळाला."

मला त्यांचा राग आला. नंतर स्वतःचा आला, आणि तो जास्त वेळ टिकला. मी म्हणत होते की मी पाहिलं तेच लिहिते. मी आकडे पाहिले होते. माझ्या हाताशेजारी असलेला हात पाहिला नव्हता. त्याला मी तीर्थ घेणारा हात म्हटलं आहे, मागे लिहिलेलं आहे. ते खोडणार नाही.

निघताना म्हणाले, "ते सूचनापत्र मला ठेवायला द्याल का?"

मी नको म्हणाले. त्यांनी आधीच ठेवलं होतं, ड्रॉवरमध्ये.

१ एप्रिल

कायम झाले. प्रदर्शनात जोड चांगला चालला. घरी सांगितलं, आई रडली, रुपेश म्हणाला, "आता दारू पक्की." अप्पांनी विचारलं, तिथली माणसं कशी आहेत. चांगली आहेत, म्हणाले. ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांनी काम सोडलं, हेही सांगितलं.

"का?"

"हात थरथरतो."

"मग त्यांच्याकडे जात जा अधूनमधून," अप्पा म्हणाले. गिरणी सुरू झाली आणि फोन बंद झाला.

परवान्यासाठी कोर्स करावा लागतो. कंपनी आता मला पाठवणार आहे. फ्राऊ क्युब्लरांनी विचारलं, तेव्हा मी विचार करायला वेळ मागितला. मला हे हवं आहे का, अजून माहीत नाही. हिवाळाभर मी जोड तपासला, स्वतःला तपासलं नाही.

मग हो म्हणाले.

३० जुलै, गुरुवार

परवाना सोमवारी आला. आज मी पहिल्यांदा खरी पावडर ओढणार होते. मी फ्राऊ क्युब्लरांना म्हणाले, हेर क्युब्लरांना बोलवावं. त्या म्हणाल्या, "मी बोलावून बाबा येणार नाहीत." मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात टोमॅटोला आधार बांधत होते, म्हणजे बांधायला बघत होते. मी न विचारता दोरीचं एक टोक धरलं.

दुपारी ते आले. काचेच्या अलीकडे, माझ्या जुन्या खुर्चीवर बसले. हात गुडघ्यावर उघडा ठेवला. तो हलत होता आणि ते त्याच्याकडे बघत नव्हते, म्हणून मीही बघितलं नाही.

मी माप भरलं. झाकण लावलं, डबी बंद करून कपाटात ठेवली. खटक्याला हात लावला.

"हळू," ते म्हणाले. "एका वेगानं. वर क्षणभर थांबून. एका चांगल्या पत्रकात लिहिलंय."

मी हसले आणि खटका वर नेला, थांबले, खाली आणला. पावडर पडली.

"लाब," ते काचेपलीकडून म्हणाले.

मी दुसरं ओढलं.

"त्स्वाय."

"द्राय."

पुढे ते मोजत राहिले आणि मी ओढत राहिले. पहिली काही मापं परत ओतायची असतात, कारण ती खोटी असतात. त्यातली बाकीची मी लगेच ओतली. पहिलं तेवढं काम संपेपर्यंत ट्रेच्या कोपऱ्यात वेगळं ठेवलं, आणि ते उठून गेल्यावर ओतलं.